कौल नसलेली कबुलायत

चौदा पानांचा एक इंग्रजी दस्तऐवज गेली काही वर्षे माझ्या लोखंडी कपाटात आहे. मोडी कागदांच्या छायाप्रती ज्या खणात ठेवतो, त्याच खणात तोही आहे. पुण्यातील एका कंपनीचे ते धोरण आहे. कामासाठी वापरले जाणारे फोन आणि लॅपटॉप कसे असावेत, त्यांवर काय असावे, काय नसावे, आणि कंपनीने त्यांचे केव्हा काय करावे, हे त्यात सांगितले आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही. त्याने फारसा फरकही पडत नाही. त्यानंतर ओळखीपाळखीतून अशी आणखी नऊ धोरणे मिळवून वाचली. नावे बदलली तरी मजकूर सख्ख्या भावंडांसारखा आहे.

दिवाळी अंकात अशा कागदाची समीक्षा कशाला, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. बी. कॉम. झालो, एका सहकारी बँकेत चोवीस वर्षे कारकुनी केली, आणि जुने कागद वाचायला स्वतःच्या हौसेने शिकलो. परंतु इनामपत्र, कतबा, मुचलका, फारकत वाचणाऱ्याला एक सवय लागते. कागदात काय लिहिले आहे याबरोबरच तो कोणी कोणाला लिहून दिला, आणि लिहून देणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरले, हे पाहण्याची. त्या सवयीने हा चौदा पानी कागद वाचला. आमच्या काळातली ही एक लेखनजात आहे, लाखो लोक तिच्याखाली सही करतात, आणि तिची समीक्षा कोणीच करत नाही.

हा कागद माझ्यापर्यंत कसा आला ते आधी सांगायला हवे. २०१५ च्या दिवाळीत माझी भाची कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आली होती. माझी आई, म्हणजे तिची आजी, तेव्हा ८१ वर्षांची होती. जाते केव्हाच अंगणात उलटे पडलेले. तरी विषय निघाला आणि आजीने नातीला जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या. भाचीने फोनच्या रेकॉर्डरवर त्या उतरवून घेतल्या. पाच फिती, ४३ ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या सागरात आमच्या ४३ म्हणजे ओंजळभर पाणी. पण आवाज आईचा होता. मी त्यातल्या ११ ओव्या वहीत उतरवल्या. बाकीच्या सवडीने उतरवू म्हणालो. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.

त्याच वर्षी श्रावणात भाचीने नोकरी बदलली. फोन तिचा स्वतःचा होता, स्वतःच्या पैशाने घेतलेला. त्यावर कंपनीची मेल येत होती, इतकाच कंपनीचा संबंध. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये फोन आपोआप बंद होऊन चालू झाला, आणि दुकानातून नुकताच आणल्यासारखा तिला भाषा निवडायला सांगू लागला. फोटो बरेचसे परत मिळाले, कारण त्यांची प्रत आपोआप दुसरीकडे जात होती. रेकॉर्डरच्या फिती जात नव्हत्या. तिने कंपनीला पत्र लिहिले. उत्तरादाखल ही चौदा पाने आली, नवव्या पानावरच्या एका वाक्याभोवती पिवळी चौकट आखून. ती माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, तू एवढे जुने कागद वाचतोस, हा एक वाचून सांग ना. मी नक्की काय लिहून दिलं होतं?"

दोष सगळा कंपनीचा आहे असे मी म्हणत नाही. ज्याला संशोधक म्हणवून घ्यायचे आहे त्याने एकुलती एक प्रत नऊ महिने दुसऱ्याच्या फोनवर राहू दिली, ही चूक माझी. पण भाचीचा प्रश्न माझ्या चुकीने मिटत नाही.

तिने लिहून दिले होते ते असे. अँड्रॉइड फोनमध्ये २०१० पासून एक सोय होती. एखाद्या ॲपला फोनचा 'प्रशासक' करता येई. कंपनीची मेल जोडताना पडद्यावर यादी येई: पासवर्ड किती अंकी हवा हे ठरवणे, फोन दुरून कुलूपबंद करणे, आणि पूर्वसूचना न देता फोनवरचे सगळे पुसणे. खाली 'सक्रिय करा' अशा अर्थाचे बटण. ते दाबले नाही तर मेल येत नाही. सोमवारी सकाळी, नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, भाचीने ते दाबले. तिच्या जागी मी असतो तर मीही दाबले असते.

या व्यवस्थेला उपकरण-व्यवस्थापन म्हणतात. फोन किंवा लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हरशी नोंदवला जातो; मग सर्व्हर नियम पाठवतो आणि उपकरण ते पाळते. पडदा किती मिनिटांनी बंद व्हावा, डिस्क कूटबद्ध असावी, कोणते ॲप घालता यावे, कॅमेरा चालावा की नाही. नियम मोडला तर मेल थांबते. हरवला तर कुलूप, आणि सापडणारच नाही असे वाटले तर पुसणे. फोन नेटवर्कबाहेर असला तर हुकूम वाट पाहत थांबतो. संपर्क आला की अंमल होतो. ब्लॅकबेरीच्या जमान्यात, म्हणजे १९९९ नंतर, हे सुरू झाले. तेव्हा फोन कंपनीचाच असे, त्यावर मेलखेरीज फारसे काही नसे, आणि तो पुसला तर पुसणाराही कंपनी आणि गमावणाराही कंपनी. पुढे लोक आपापले आयफोन आणि अँड्रॉइड घेऊन कचेरीत येऊ लागले. ॲपलने २०१० मध्ये आपल्या फोनवर अशा दूरस्थ व्यवस्थापनाची सोय दिली. उपकरण बदलले, मालक बदलला, त्यावर घरदार येऊन राहिले. कागद मात्र ब्लॅकबेरीच्या काळातलाच राहिला.

अशा धोरणाची गरजच नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मे २००६ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी खात्याच्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि हार्ड डिस्क चोरीला गेली. त्यावर सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावे, जन्मतारखा आणि ओळख क्रमांक होते, आणि ते कूटबद्ध केलेले नव्हते. पुढच्या महिन्यात सामान परत सापडले, पण तोवर त्या लोकांची झोप उडायची ती उडाली. त्या डिस्कला कुलूप असते तर ती घटना म्हणजे एक साधी घरफोडी ठरली असती. मी बँकेत होतो. खातेदाराची माहिती ज्याच्या हाती आहे त्याने यंत्राला कुलूप लावलेच पाहिजे, यात मला शंका नाही. जो व्यवस्थापक हे नियम बसवतो तो बहुधा रात्री-अपरात्री फोन घेणारा, सगळ्यांच्या शिव्या खाणारा नोकरदारच असतो, हेही मी जाणतो.

म्हणून माझी तक्रार कुलपाविषयी नाही. ती कागदाविषयी आहे.

शब्दांपासून सुरुवात करू. 'धोरण' हा मराठीत मोठा शहाणा शब्द आहे. धोरणी माणूस म्हणजे पुढचे पाहून पाऊल टाकणारा. या चौदा पानांत पुढचे कोणी पाहिलेले दिसत नाही. नोकरी सुटल्यावर माणसाच्या फोनचे काय होईल, यावर अख्ख्या कागदात एकच वाक्य आहे, आणि तेही पिवळ्या चौकटीतले. 'मॅनेज' हा शब्द तर आपल्याकडे येऊन भलत्याच अर्थाने रुळला. मॅच मॅनेज झाली, पंच मॅनेज झाला, असे आपण म्हणतो तेव्हा कोणीतरी आतून विकत घेतले आहे असा अर्थ असतो. 'मॅनेज झालेला फोन' हे शब्द भाचीच्या आईने प्रथम ऐकले तेव्हा तिने हाच अर्थ घेतला. मी तो दुरुस्त केला नाही.

मग 'उपकरण' या शब्दाची व्याख्या. तिसऱ्या पानावर ती आहे. कंपनीच्या माहितीला स्पर्श करणारे कोणतेही यंत्र म्हणजे उपकरण, मालकी कोणाचीही असो. या अर्ध्या ओळीत सगळे हस्तांतर उरकले आहे. पुढच्या अकरा पानांत 'कंपनीचे उपकरण' आणि 'कर्मचाऱ्याचे उपकरण' हा भेद परत येत नाही. आमच्या जुन्या कागदांत शेताच्या चतुःसीमा लिहिल्याशिवाय व्यवहार पुरा होत नसे. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचे वावर, दक्षिणेस गाडीवाट. येथे चतुःसीमा नाहीत.

आणि कर्ता नाही. हे मला सर्वांत जास्त खटकले. मी हौसेने हा मजकूर मराठीत उतरवायला बसलो. 'उपकरण पुसले जाऊ शकते.' कोणाकडून? 'माहिती पाहिली जाऊ शकते.' कोण पाहील? 'प्रवेश रद्द केला जाऊ शकतो.' केव्हा, कोणाच्या हुकमाने? इंग्रजीत हे वाक्य दर पानावर दोनतीनदा येते आणि वाचताना अडखळायला होत नाही. मराठीत उतरवताना लेखणी दर वेळी थांबली. मराठी भाषा स्वभावतः प्रामाणिक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. 'कारवाई करण्यात येईल', 'कळविण्यात येते की' अशा वाक्यांनी आपल्या सरकारी कचेऱ्यांनी कर्त्याला कधीच रजेवर पाठवले आहे. पण शासन परिपत्रकाखाली निदान एका अधिकाऱ्याची सही असते. चौदा पानांखाली फक्त भाचीच्या सहीची जागा होती.

येथे मोडी वाचकाला एक जुनी जोडी आठवते. गाव ओस पडला, लढाईत किंवा दुष्काळात रयत परागंदा झाली, की सरकार कौल देत असे. या, जमीन कसा. पहिल्या वर्षी सारा इतका कमी, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, मग पुरता. तोवर कोणी उपद्रव देणार नाही. चढत्या दराच्या त्या सवलतीला इस्तावा म्हणत. कौल म्हणजे बलवंताने दुबळ्याला लिहून दिलेला शब्द. त्याच्या समोर रयतेची कबुलायत: जमीन कसू, सारा भरू. कौल पाळला जाईच असे नाही. मोडलेल्या कौलांच्या तक्रारींनी दप्तरे भरलेली आहेत. पण तक्रार करता येई, कारण मोडण्यासारखे काहीतरी लिहिलेले असे.

माझ्याकडच्या दहा धोरणांत कबुलायत पुरती आहे. मी पासवर्ड ठेवीन, मी हरवल्यास कळवीन, मी परके ॲप घालणार नाही, कंपनी पाहू शकते हे मला मान्य आहे, पुसू शकते हे मला मान्य आहे, खाजगीपणाची अपेक्षा ठेवणार नाही. कौल एकाही धोरणात नाही. आम्ही तुमचे फोटो पाहणार नाही, तुमचे ठिकाण मागणार नाही, पुसण्याआधी दोन दिवस कळवू, अमुक माणूस पुसेल आणि त्याची नोंद ठेवील, असे एकही वाक्य नाही. एका धोरणात 'आम्ही तुमच्या खाजगीपणाचा आदर करतो' असे आहे. तो कौल नव्हे. मोडता येईल असे त्यात काही नाही. हे कागद धोरण या नावाखाली खरे तर मुचलके आहेत. जामीन सुटताना आरोपी जसा जातमुचलका लिहून देतो, तसे.

वाचक म्हणतील, कौल तंत्राला शक्यच नसेल तर कागदाने कोठून द्यावा? गंमत अशी की तंत्राने तो केव्हाच देऊ केला आहे. २०१४ मध्ये अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत एकाच फोनवर कामाचा वेगळा कप्पा आला. कामाच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचे चिन्ह असते; त्या कप्प्याबाहेर काय आहे ते स्वतःच्या फोनवर कंपनीला दिसत नाही, आणि पुसायचे झाले तर तेवढा कप्पाच पुसला जातो. ॲपलनेही २०१९ मध्ये कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनसाठी नोंदणीचा असाच वेगळा प्रकार आणला. त्यात संपूर्ण फोन पुसण्याचा अधिकार कंपनीला मिळतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थापन-पडद्यावर 'रिटायर' आणि 'वाइप' ही दोन वेगळी बटणे आहेत. पहिल्याने कंपनीचे सामान निघते, दुसऱ्याने घर रिकामे होते. म्हणजे अभियंत्यांनी फोनच्या आत बांध घातला. चतुःसीमा आखल्या. माझ्या दहापैकी सहा धोरणे २०१९ नंतरची आहेत, आणि या बांधाचा उल्लेख फक्त एकात आहे. बाकीच्या पाचांत 'उपकरण पुसले जाऊ शकते' हेच वाक्य जसेच्या तसे आहे. कदाचित त्या कंपन्या प्रत्यक्षात वेगळा कप्पाच वापरत असतील. मग कागद प्रत्यक्षाहून क्रूर आहे, आणि तो तसा का ठेवला, हा प्रश्न उरतो. वकील सांगतील, हाती असलेला अधिकार लिहून कशाला सोडावा? कौल न देण्यामागचे कारण जुन्या कारभाऱ्यांनीही हेच सांगितले असते.

न्यायालयांत हा प्रश्न पोचला आहे. टेक्सासमधील घरबांधणी करणाऱ्या एका कंपनीतला विक्रेता २०१३ मध्ये नोकरी सोडून निघाला. थोड्याच दिवसांत त्याचा स्वतःचा आयफोन दुरून पुसला गेला. शेकडो संपर्क, घरचे फोटो, सगळे गेले, असे त्याचे म्हणणे. नोव्हेंबर २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने त्याचे संघीय कायद्यांखालचे दावे फेटाळले. फोनवर साठवलेली माहिती एका कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हती, आणि झालेले नुकसान दुसऱ्या कायद्याला हव्या असलेल्या प्रकारचे नव्हते. निकालात कायद्याच्या दृष्टीने चूक काही नसेल. पण घरच्या फोटोला कायद्यात नावच नव्हते, हे वाचून मला आमच्या पाच फिती आठवल्या.

युरोपात वेगळे घडले. रुमानियातील एका विक्री-अभियंत्याला कंपनीने ग्राहकांशी बोलण्यासाठी याहू मेसेंजर उघडायला सांगितले होते. त्यावर तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलला. कंपनीने ते संभाषण टिपले आणि २००७ मध्ये त्याला काढून टाकले. यंत्र कंपनीचे, खाते कामासाठी, खाजगी वापराला मनाई. कबुलायत अगदी चोख. तरीही ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. देखरेख होणार आहे आणि ती किती खोल असेल हे त्याला आधी सांगितले होते का, हे रुमानियाच्या न्यायालयांनी तपासलेच नाही, यावर पीठाचा रोख होता. मालकाच्या सूचनांनी कामाच्या जागचे खाजगी आयुष्य शून्यावर आणता येत नाही, अशी त्यांची भूमिका. माझ्या भाषेत सांगायचे तर, कौल कोठे आहे ते दाखवा, असे न्यायालय विचारत होते.

त्याच्या बाराच दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे सातवे कलम वाचण्यासारखे आहे. संमती न घेता माहिती वापरता येईल असे प्रसंग त्यात दिले आहेत, आणि त्यांत एक प्रसंग नोकरीचा आहे: नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाला नुकसानीपासून वा दायित्वापासून वाचवण्यासाठी. उदाहरणादाखल औद्योगिक हेरगिरी आणि व्यापारी गुपिते येतात. गुपितांचे रक्षण हवेच. पण 'नोकरीच्या कारणासाठी' या शब्दांना कुंपण कोठे आहे ते मला दिसले नाही. चौदा पानांच्या लेखकाला हे कलम वाचून हायसे वाटेल. आता कबुलायतीचीही गरज कमी झाली.

हे सारे पुण्या-बंगळुरूच्या इंग्रजी जाणणाऱ्या, चांगला पगार घेणाऱ्या मुलामुलींचे दुखणे आहे, असे कोणी म्हणेल. मीही काही दिवस तसेच समजत होतो. २०२१ मधल्या दोन घटनांनी समज दूर केला. हरियाणात आशा कार्यकर्त्यांना कामासाठी फोन दिले होते. त्यांवर 'एमडीएम ३६० शील्ड' नावाचे ॲप घालण्याचा हुकूम आला. एमडीएम म्हणजे हेच उपकरण-व्यवस्थापन. राज्यातल्या वीस हजारांच्या आसपास आशांनी विरोध केला, अनेकींनी फोन परत केले. आपण कोठे आहोत हे दिसेल, फोन दुरून उघडता-पुसता येईल, अशी त्यांची शंका होती. ॲपचे नाव 'ढाल'. ढाल कोणाच्या हातात आणि वार कोणावर, एवढाच त्यांचा प्रश्न, आणि दहा धोरणे वाचून मी जेथे पोचलो तेथे त्या आधीच उभ्या होत्या. आणखी एक गोष्ट विसरू नये. आशा ही सरकारच्या लेखी कर्मचारी नाही. ती मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर राबणारी स्वयंसेविका. नोकरीचे हक्क नाहीत, पण नोकराच्या फोनचे नियम आहेत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी फोन परत करण्याचे आंदोलन केले. तेथे तक्रार वेगळी होती. २०१९ मध्ये मिळालेले फोन दोन जीबी रॅमचे, पोषण ट्रॅकर ॲप त्यांवर पेलत नव्हते, दुरुस्तीचा खर्च अंगावर येत होता, आणि ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. देखरेखीचा मुद्दा येथे पुढे नव्हता, म्हणून दोन्ही घटना एका मापाने मोजू नयेत. तरी माझ्या विषयाशी तिचा संबंध आहे. ज्या भाषेत सेविका ओव्या म्हणते, हजेरी लिहिते, भांडते, त्या भाषेत तिला दिलेले यंत्र बोलत नव्हते. कौल द्यायचा तर तो रयतेच्या भाषेत द्यावा लागतो. कौलनामे फारसीमिश्रित असले तरी मराठीतच लिहिले गेले, कारण पाटलाने ते चावडीवर वाचून दाखवायचे असत.

सरकारी कचेरीत दिलेल्या वस्तूंची जडसंग्रह नोंदवही असते. टेबल, कपाट, घड्याळ, सारे त्यात. पूर्वी शिपायाला कमरेचा पट्टा आणि पितळी बिल्ला मिळे. त्या पट्ट्यावरूनच तो पट्टेवाला झाला. बिल्ला हरवला तर जाब द्यावा लागे आणि निवृत्तीला परत करावा लागे. पण पट्टेवाला संध्याकाळी तमाशाला गेला की देवळात, हे बिल्ला साहेबांना सांगत नसे. फोनची नोंद त्याच वहीत, त्याच रकान्यात केली जाते, टेबल-खुर्चीच्या खाली. एवढ्या एका रकान्याने केवढा घोळ होतो पाहा. पेन्सिल्वेनियातल्या एका शाळेने मुलांना लॅपटॉप दिले. चोरी शोधण्यासाठी त्यांच्या कॅमेऱ्याने दुरून छायाचित्रे घेण्याची सोय होती. तिने मुलांची घरातली हजारो छायाचित्रे आणि पडद्याची चित्रे जमली. एका मुलाला त्याच्या खोलीतले त्याचेच छायाचित्र शाळेत दाखवण्यात आले, तेव्हा प्रकरण फुटले. २०१० मध्ये शाळेने ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड केली. शाळेच्या दृष्टीने ती शाळेच्या मालमत्तेची काळजी होती.

मग धोरण कसे असावे? मी काही मसुदा लिहायला बसलेलो नाही, पण बँकेतली एक रीत सांगतो. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, एक शाखाधिकाऱ्याकडे, एक रोखपालाकडे. एकट्याला तिजोरी उघडता येत नसे, मग तो कितीही प्रामाणिक असो. आतली रक्कम काढली की दोघांच्या सह्या. भाचीचा फोन कोणी पुसला, हे कंपनीने शेवटपर्यंत सांगितले नाही. बहुधा सोडून जाणाऱ्यांच्या यादीवरून कोणीतरी चुकीचे बटण दाबले असावे, दुपारच्या चहाआधी, पाच सेकंदांत. त्या बटणाला दुसरी किल्ली नव्हती. दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय पुसण्याचा हुकूम जाऊ नये, अशी सोय काही व्यवस्थांत आता मिळते. ती वापरतो असे धोरणात लिहिले तर तो कौलाचा पहिला शब्द होईल. जे दिसत नाही त्याची यादी, जे दिसते त्याच्या यादीइतक्याच ठळक अक्षरात दिली तर दुसरा. आणि माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी कंपनीने कंपनीचेच सामान न्यावे, बाकी घराला हात लावू नये, हा तिसरा. बाकीचे नियम, पासवर्ड किती अंकी आणि पडदा किती मिनिटांनी, ते जाणकारांनी ठरवावेत. त्यात मला गती नाही.

मार्च २०२० नंतर कचेऱ्याच घरात आल्या. लोकांनी कंपनीचे संगणक रिक्षातून घरी नेले, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मांडले. मुलांची शाळा आणि आईबापांची कचेरी एकाच पडद्यावर चालली. त्या काळात धोरणे बदलली का, हे मी शोधून पाहिले. माझ्याकडच्या दहापैकी तीन बदलली होती. तिन्हींत कर्मचाऱ्याने द्यायच्या कबुल्या वाढल्या होत्या.

भाची आता तिसऱ्या कंपनीत आहे. तेथे रुजू होताना तिने फोन जोडण्याआधी एक मेल लिहिली. मजकूर आम्ही दोघांनी मिळून केला होता, सात प्रश्नांचा. तुम्हाला माझ्या फोनवर काय दिसेल, काय दिसणार नाही, संपूर्ण फोन पुसता येईल का, कोण पुसेल, त्याची नोंद कोठे राहील, असे. उत्तर दोन दिवसांनी आले. पाच प्रश्नांची उत्तरे सरळ होती, आणि त्याच्या पडद्यावर तिचा फोन कसा दिसेल त्याचे चित्र जोडले होते: फोनची बनावट, आवृत्ती, कामाची नऊ ॲप, बस्स. उरलेल्या दोन प्रश्नांपुढे 'हे मलाही विचारावे लागेल' असे लिहिले होते. खाली त्या मुलाचे नाव आणि त्याचा टेबलाचा फोन नंबर. तो कागद छापून मी चौदा पानांच्या शेजारी ठेवला आहे. त्या दोन प्रश्नांची उत्तरे अजून यायची आहेत.